पिंपळनेर, सामोडे आणि ‘द्वितीय श्रेणी’चं पाणी

पांझरेच्या पाण्यावरून बोलणं निघालं की पिंपळनेर-सामोड्याचा पाट मध्ये येतोच. धुळेकरांना ही नदी ठाऊक आहे ती २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुलांवरून गेली म्हणून. वरच्या अंगाला, साक्री तालुक्याच्या पश्चिमेला, ती डोंगर उतरून सपाटीला येते तिथली तिची ओळख पुराची नाही. तिथे तिची ओळख बंधाऱ्यांची आहे. पिंपळनेर हे आज बाजारपेठेचं गाव, अलीकडेच नगरपरिषद झालेलं. इंग्रजी अमदानीत आताच्या साक्री तालुक्याचं नावच पिंपळनेर तालुका होतं. गावाचं ते वजन शेतीतून आलं आणि शेतीचं वजन पाटातून.

बंधारे कोणी बांधले यावर फारुकींपासून मराठ्यांपर्यंत दावे आहेत. तीनशे-चारशे वर्षं जुनी व्यवस्था, एवढं बहुतेक जण मान्य करतात. त्या वादात मला फारसा रस नाही. बांधणारे गेले. वापरणाऱ्यांनी ती शतकानुशतकं चालवली, आणि खरी नवलाई तीच.

फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी सगळ्यांनी मिळून वाटून शेती करायची रीत, खानदेशात नव्याने सांगायला नको, तरी एक गोष्ट सारखी सुटते म्हणून लिहितो. एका बंधाऱ्याखाली भिजणारं सगळं क्षेत्र म्हणजे थळ. थळाचे तीन-चार फड. एका फडात एका वर्षी एकच पीक, आणि ते ठरवणार सगळे मिळून. या वर्षी ऊस असलेल्या फडात पुढे गहू किंवा ज्वारी. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन शक्यतो प्रत्येक फडात असायची. त्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड कोरडा सोडायची वेळ आली, तर तोटा एकट्याच्या नव्हे, सगळ्यांच्या वाट्याला यायचा. शेतकरी स्वतः दारं धरत नसे. ते काम बारेकऱ्याचं. पाटकरी पाट राखायचा, जागल्या पिकात ढोरं शिरू द्यायचा नाही, हवालदार सगळ्यांवर. लहानपणी थंडीतल्या पहाटे बारेकरी पाहिल्याचं मला स्पष्ट आठवतं. गुडघाभर चिखल, खांद्यावर फावडं. एका सरीचं तोंड मातीच्या दोन ढेकळांनी बंद करून तो दुसरीचं उघडायचा. शेत कोणाचं आहे, हे त्याने विचारलेलं मी कधी ऐकलं नाही.

आता त्या शब्दाकडे येतो, ज्यावरून आजही गैरसमज होतात: ‘द्वितीय श्रेणीचे बंधारे’. मुंबई इलाख्यात १८७९ साली पाटबंधारे कायदा झाला. गावकऱ्यांनी चालवलेली अशी जुनी कामं त्या कायद्याच्या चौकटीत पुढे ‘द्वितीय श्रेणी’ म्हणून आली, आणि १९७६ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानेही हा वर्ग कायम ठेवला. ऐकणाऱ्याला वाटतं, दुय्यम म्हणजे कमी प्रतीचं, जुनाट, आज ना उद्या मोडीत निघणारं. सरकारी कचेरीतही हा सूर मी ऐकला आहे. कायद्याचा अर्थ तसा नव्हता. सरकारने स्वतः बांधून चालवायचे कालवे एकीकडे आणि वहिवाटीने चालत आलेली कामं दुसरीकडे, एवढाच तो भेद. या दुसऱ्या वर्गासाठी हक्कनोंदीची तरतूद होती: पाणी कोणाचं, दुरुस्ती कोणाची, वहिवाट काय. म्हणजे दुय्यम म्हटलेल्या वर्गातच लोकांचा हक्क कागदावर येऊ शकत होता. नावाने तो झाकला गेला, असं माझं ठाम मत आहे.

इंग्रजांच्या इंजिनिअरांना हे पाट कमी प्रतीचे वाटत नसावेत. १८८४ साली नोकरीला लागलेला एक तरुण सहायक इंजिनिअर, जो पुढे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हणून देशातला सर्वांत नावाजलेला स्थापत्यतज्ज्ञ झाला, त्याच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे पांझरेच्या पाटासाठी नळाचा सायफन, म्हणजे बंद नळातून पाणी पलीकडे नेणारी रचना. खाली दातर्तीला ते काम आजही दाखवतात.

स्वातंत्र्यानंतरचा काळ मात्र पाटाला जड गेला. लाटीपाड्याला पांझरेवर धरण झालं, कान नदीवर मालनगावचं झालं. धरणाने लाभही दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या माणसाला साठलेल्या पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. पण फडाचं सगळं गणित वाहत्या नदीवर होतं. दिवाळीनंतर नदीला धार किती, यावर उसाला किती फड द्यायचे ते ठरे. आता धार धरणाच्या दारावर आली आणि दार उघडायचं कधी, हे गावाबाहेर ठरू लागलं. त्यातच विहिरी खोल गेल्या, वीजपंप आले, ज्याला परवडलं त्याने आपल्या तुकड्यात आपलं पीक घेतलं. भाडण्याचा साखर कारखाना सुरू होता तोवर उसाची ओढ होती. तो बंद पडला आणि फडातला ऊसही ओसरला. ‘लोकांत एकी राहिली नाही म्हणून फड मोडला’ हे अर्धंच सत्य आहे. एकी ज्या धारेवर उभी होती तीच हातातून गेली होती.

सध्याचा वाद अर्जाचा आहे. सरकारी कालव्यावर पाणी हवं तर प्रत्येक खातेदार पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज भरतो. फडाला खातेदार कळतच नाही, त्याला थळ कळतं. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना मोजून पाणी देण्याची वाट काढली, तेव्हा अनेकांना वाटलं की थळच नव्या नावाने परत आलं. पण संस्थेची हद्द कालव्याच्या लाभक्षेत्रावरून आखतात आणि थळाची हद्द बंधाऱ्यावरून. दोन्ही जिथे जुळत नाहीत, तिथे जुना पाटकरी आणि नवा सचिव एकाच चारीवर उभे राहतात.

त्यात खाली अक्कलपाड्याचं धरण भरू लागलं आणि धुळे शहराची तहान त्याच्याशी जोडली गेली. पिण्याच्या पाण्याला पहिला मान, याला पिंपळनेरचा कोणीही शेतकरी हरकत घेणार नाही. त्याचं म्हणणं एवढंच आहे की वाटपाच्या बैठकीत थळाची मागणी एकत्र, थळ म्हणूनच लिहून घ्यावी, आणि तिच्यासमोर जुनी हक्कनोंद उघडून ठेवावी.