अपहरणोत्तर थरारकादंबरी

अपहरण झालेल्या व्यक्तीची सुटका, त्यानंतरचे तिचे जगणे आणि बंदिवासाचे मनावर उरलेले परिणाम यांना केंद्रस्थानी ठेवणारा मानसशास्त्रीय थरारकादंबरीचा एक प्रकार. रूढ रहस्यकथा सुटकेबरोबर संपते. ही कादंबरी बहुधा सुटकेपासून सुरू होते, किंवा कोंडून ठेवल्याचा काळ आणि परतीनंतरचा काळ यांची प्रकरणे तिच्यात आलटून-पालटून येतात. गुन्हेगार कोण, हे वाचकाला अनेकदा आधीच ठाऊक असते. उत्कंठा टिकते ती नायिकेला काय आठवते, काय आठवत नाही आणि स्वतःच्या आठवणींवर ती कितपत विसंबू शकते, या प्रश्नांवर.

आघातोत्तर तणाव विकृतीला (भीषण अनुभवानंतर मनावर दीर्घकाळ टिकणाऱ्या त्रासाला, म्हणजेच पीटीएसडीला) अमेरिकी मनोविकार निदानपुस्तिकेत १९८० साली स्वतंत्र स्थान मिळाले. दीर्घकाळ दुसऱ्याच्या ताब्यात राहिलेल्यांची लक्षणे याहून गुंतागुंतीची असतात, अशी मांडणी अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये केली. ऑगस्ट १९७३ मध्ये स्टॉकहोममधील एका बँकेत सहा दिवस चाललेल्या ओलीसनाट्यावरून ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ (ओलिसाला अपहरणकर्त्याविषयीच जिव्हाळा वाटू लागणे) ही संज्ञा रूढ झाली आणि थरारकथांनी ती सढळ हाताने वापरली. तिला त्या निदानपुस्तिकेत मात्र स्थान नाही. अपहरणकर्त्याशी जुळवून घेणे हा पुष्कळदा जीव वाचवण्याचा मार्ग असतो. त्याला प्रेमाचे रूप देणारी कादंबरी पीडितेवर अन्याय करते.

या प्रकाराचे खरे सामर्थ्य घरातल्या बारीकसारीक प्रसंगांत दिसते. परत आलेली मुलगी माठातले पाणी घेण्याआधी परवानगी विचारते, भाकरीचा तुकडा उशीखाली दडवते, नुसत्या लोटलेल्या दारापाशीही कोणीतरी ते उघडेल म्हणून उभी राहते. ‘अगं, घर तुझंच हाय की,’ असे आई म्हणते, तेव्हा मुलगी दाराकडे नेलेला हात मागे घेते. पाठलाग आणि झटापटीच्या पानांपेक्षा अशा पानांवर वाचक अधिक धास्तावतो, कारण धोका टळल्याचे शरीराला अजून पटलेले नसते.

मराठीत बाबूराव अर्नाळकरांपासून रहस्यकथेची लोकप्रिय परंपरा आहे. तथापि तिचे लक्ष मुख्यतः शोध घेणाऱ्याकडे राहिले. पळवून नेलेली मुलगी शेवटच्या प्रकरणात घरी पोचली की तिच्याविषयीचे कुतूहल संपे.

कोल्हापूरची पार्श्वभूमी या प्रकाराला विशेष अनुकूल आहे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ अशा जुन्या वस्त्यांत घराला घर लागून असते, तालमीच्या कट्ट्यावर गल्लीतल्या प्रत्येकाची खबर असते आणि परतलेल्या मुलीची विचारपूस करायला आलेल्या बायकांच्या मायेच्या शब्दांतूनच तिची उलटतपासणी सुरू होते. दुसरीकडे, पुणे–बंगळूर महामार्गाने कागल ओलांडले की लगेच कर्नाटकाची हद्द लागते, त्यामुळे तपास दोन राज्यांच्या पोलिसांत विभागला जाणे कथानकात ओढूनताणून आणल्यासारखे वाटत नाही.

मात्र या शहरात अपहरण हा निव्वळ कल्पनेचा विषय नाही. १९९० ते १९९६ या काळात पश्चिम महाराष्ट्रात आणि इतरत्र गर्दीच्या ठिकाणांहून लहान मुले पळवून, चोऱ्या करताना त्यांचा आडोशासारखा वापर करून पुढे काहींची हत्या करणाऱ्या मायलेकींचे प्रकरण कोल्हापूरच्या सत्र न्यायालयात चालले. २००१ मध्ये त्यांतील दोघी लेकींना, म्हणजे गावित बहिणींना, फाशीची शिक्षा झाली, ती २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, आणि दयेच्या अर्जावरील निर्णयाला झालेल्या विलंबामुळे जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. ज्यांची मुले परत आलीच नाहीत अशा घरांची आठवण येथील वाचकाच्या मनात असते. म्हणून कोल्हापुरात घडणाऱ्या अशा कादंबरीने क्रौर्याच्या तपशिलांवर रेंगाळणे विशेष खटकते.

सुटकेनंतरची न्यायप्रक्रिया हा कथानकाचा दुसरा मोठा स्रोत आहे. दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब, ओळखपरेड आणि उलटतपासणी यांत पीडितेला तोच काळ पुन्हा क्रमवार सांगावा लागतो. आघातग्रस्त स्मृती मात्र वास, आवाज, उजेड अशा सुट्या तुकड्यांत साठलेली असते. जबाबातली विसंगती बचाव पक्षाला खोटेपणा वाटते आणि वाचकाला ती जखमेची खूण म्हणून ओळखता येते. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत पीडितेची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे. बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार साक्ष देताना मूल आरोपीच्या समोर येणार नाही, याची काळजी न्यायालयाने घ्यावयाची असते, आणि पडद्याआडून दिलेली अशी साक्ष हा या कादंबरीतील सर्वांत ताणलेला प्रसंग होऊ शकतो.