घरातली साइट घरातच का अडते?

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग ठेवण्यासाठी जुन्या पीसीवर नेक्स्टक्लाउड हे स्वतःच्या यंत्रावर फाइल ठेवून वाटण्याचं सॉफ्टवेअर बसवलेलं असतं. डोमेन म्हणजे साइटचं नाव घेतलेलं, राउटरवर ४४३ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे सुरक्षित वेब पानांचं दार, त्या पीसीकडे वळवलेलं. पुण्याच्या ग्राहकाला साइट दिसते. मोबाइल डेटा चालू करून पाहिलं तर मालकांनाही दिसते. फोन वर्कशॉपच्या वायफायला जोडला की मात्र पान नुसतं गोल फिरत राहतं, नाहीतर चक्क राउटरचंच लॉगिन समोर येतं. सर्व्हर दहा फुटांवर आहे. पहिला संशय अर्थातच त्याच्यावर जातो आणि अख्खा दिवस त्यालाच उलटंपालटं करण्यात जातो. खरं कारण राउटरमध्ये असतं, आणि ते तीस वर्षांपूर्वीचं आहे.

इंटरनेटवर यंत्रांना पत्ते देण्याची जुनी पद्धत म्हणजे आयपीव्ही४. तिचा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. ते पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसू लागलं होतं. मे १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी आरएफसी १६३१ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे क्रमांकित तांत्रिक दस्तऐवज) नॅट मांडलं: आतले खासगी पत्ते बाहेर जाताना एका सार्वजनिक पत्त्यात बदलायचे. त्यांनी स्वतःच त्याला अल्पकालीन उपाय म्हटलं होतं. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ ने १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी ठरवून दिले. तात्पुरती सोय कायमची झाली ती अशी.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट खुलं केलं, तेव्हा डायल-अपवर एक मोडेम, एक संगणक असा मामला होता. घरात दुसरं यंत्रच नसल्यावर आतून आत जाण्याचा प्रश्न कुठला? २००५ नंतर ब्रॉडबँड आणि मागोमाग वायफाय राउटर आले. एका पत्त्यामागे चार-पाच उपकरणं बसली आणि हा गुंता नाशिकच्या घराघरांत पोचला.

नेमकं काय होतं ते आकड्यांतच पाहू. सर्व्हर १९२.१६८.१.१०, लॅपटॉप १९२.१६८.१.२०, राउटर १९२.१६८.१.१ आणि बाहेरचा पत्ता २०३.०.११३.४५ (हा गट उदाहरणांसाठीच राखीव आहे). लॅपटॉप बाहेरच्या पत्त्याला हाक मारतो. पोर्ट वळवण्याचा नियम फक्त बाहेरच्या बाजूने आलेल्या पॅकेटला, म्हणजे माहितीच्या पुडक्याला, लावलेला असेल, तर आतून आलेलं पॅकेट राउटर स्वतःसाठीच समजतो. लॉगिनचं पान दिसतं ते म्हणून. नियम दोन्ही बाजूंना लागू असला, तरी दुसरा खड्डा आहेच. सर्व्हरकडे पोचलेल्या पॅकेटवर पाठवणारा म्हणून १९२.१६८.१.२० असतो. तो एकाच जाळ्यातला, म्हणून सर्व्हर राउटरला वगळून त्याला थेट उत्तर देतो. लॅपटॉपने विचारलं होतं २०३.०.११३.४५ ला, उत्तर आलं १९२.१६८.१.१० कडून. अनोळखी म्हणून लॅपटॉप ते फेटाळतो.

यावरचा उपाय म्हणजे राउटरने पाठवणाऱ्याचा पत्ताही बदलायचा, म्हणजे उत्तर त्याच्याकडूनच परत येतं. सप्तशृंगी गडाच्या घाटातल्या वळणासारखं पॅकेट आलं त्याच बाजूला वळतं, म्हणून याला हेअरपिन म्हणतात. राउटरच्या मेनूत बहुधा नॅट लूपबॅक लिहिलेलं असतं. जानेवारी २००७ च्या आरएफसी ४७८७ ने यूडीपी या पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीसाठी आणि ऑक्टोबर २००८ च्या आरएफसी ५३८२ ने टीसीपी या दुसऱ्या पद्धतीसाठी ते बंधनकारक ठरवलं. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ते आपोआप चालू असतं. काही कंपन्यांच्या फुकट मिळणाऱ्या राउटरमध्ये मात्र आजही नसतं किंवा कुठेतरी दडवलेलं असतं. शिवाय त्याची एक किंमत आहे. सर्व्हरच्या लॉगमध्ये आतले सगळे पाहुणे १९२.१६८.१.१ म्हणूनच दिसू लागतात. पासवर्ड चुकवणाऱ्या पत्त्यावर बंदी घालणारं फेल२बॅन लावलेलं असेल आणि एकाने पासवर्ड वारंवार चुकवला, तर राउटरच बंदीत जातो आणि सगळं वर्कशॉप बाहेर.

आमचा कौल दुसऱ्या, जुन्याच वाटेला: नाव एकच, उत्तरं दोन. डोमेनच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा म्हणजे डीएनएस; तिने आत एक पत्ता सांगायचा, बाहेर दुसरा. बाइंड ९ या डीएनएस सॉफ्टवेअरमध्ये २००० सालापासून यासाठी व्ह्यूज, म्हणजे विचारणाऱ्यानुसार वेगळं उत्तर देण्याची सोय, आहेत. आता पाय-होल किंवा डीएनएसमास्क अशा छोट्या डीएनएस सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीत काम होतं. घरातल्या डीएनएसने डोमेनला १९२.१६८.१.१० सांगायचं, बाहेरच्याने सार्वजनिक पत्ता. साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट नावावर असतं, पत्त्यावर नाही, त्यामुळे ब्राउझर कुरकुर करत नाही. रस्ता खोदताना फायबर तुटली तरी आतलं काम चालू राहतं; हेअरपिन मात्र बाहेरचा पत्ता गेला की बंद पडू शकतं.

अडतं ते बारीक गोष्टींवर. डीएचसीपीत, म्हणजे राउटर उपकरणांना पत्ते वाटतो त्या सेटिंगमध्ये, दुसरा डीएनएस म्हणून गूगलचा ८.८.८.८ ठेवला की साइट कधी उघडते, कधी नाही, कारण उपकरण हवा तो डीएनएस विचारतं. अँड्रॉइडचा प्रायव्हेट डीएनएस आणि ब्राउझरचा सुरक्षित डीएनएस घरच्या डीएनएसला वळसा घालू शकतात. बाहेर ८४४३ आणि आत ४४३ असं वळवलं असेल तर डीएनएस पोर्ट बदलू शकत नाही. दोन्हीकडे एकच आकडा ठेवा. डोमेनला आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीची एएएए नोंद असेल तर तीही आतून तपासा. बाहेरच्याच डीएनएसमध्ये १९२.१६८ चा पत्ता टाकण्याची पळवाट वापरली, तर रीबाइंड संरक्षण, म्हणजे बाहेरून आलेल्या उत्तरातले खासगी पत्ते अडवण्याची सोय, असलेला राउटर ते उत्तर गाळून टाकतो. लॅपटॉपवर डीएनएसला नाव विचारणारी एनएसलुकअप ही आज्ञा चालवून कोणता पत्ता येतो ते आधी बघावं. निम्मं निदान तिथेच होतं.

या सगळ्याआधी राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल, तर एप्रिल २०१२ च्या आरएफसी ६५९८ ने इंटरनेट कंपन्यांच्या सामायिक नॅटसाठी (अनेक ग्राहकांमागे एकच सार्वजनिक पत्ता) राखलेल्या गटातला आहे. मग साइट बाहेरूनही उघडणार नाही आणि पोर्ट वळवून उपयोग नाही. स्टॅटिक आयपी, म्हणजे कायमचा सार्वजनिक पत्ता, मागावा किंवा टनेल, म्हणजे बाहेरच्या एखाद्या सर्व्हरमार्गे साइट पोचवणारी जोडणी, लावावा. टनेल लावला तर साइट आतूनही उघडते, पण दहा फुटांवरची फाइल बाहेर फेरी मारून येते, म्हणजे सातपूरहून अंबडला जायला नाशिकरोड गाठायचं. द्राविडी प्राणायामच तो. इथेही घरचा डीएनएस कामाला येतो. फक्त टनेलचं सर्टिफिकेट बाहेरच्या टोकाला असल्याने सर्व्हरवर स्वतःचं लागतं, आणि पोर्ट ८० बाहेरून बंद असल्यामुळे ते लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या डीएनएस-०१ पद्धतीने, डोमेनच्या नोंदीत टीएक्सटी म्हणजे मजकुराची नोंद टाकून, मिळवायचं.