स्कॉटीची दुसरी नोकरी

विज्ञानकथांच्या कुठल्याही मोठ्या कन्व्हेन्शनमध्ये एक दालन हमखास असतं. ओळीनं मांडलेली टेबलं, त्यांच्यामागे बसलेले नट, समोर सहीचा दर लिहिलेला फलक आणि दोऱ्या लावून वळवत नेलेली रांग. फोटोचे पैसे वेगळे. पैसे घेऊन सह्या देण्याच्या या प्रकाराची तुलना 'स्टार वॉर्स'मधली नटी कॅरी फिशरनं २०१६ साली आपल्या आत्मकथनात चक्क लॅप डान्सशी, म्हणजे पैसे घेऊन गिऱ्हाइकाच्या मांडीवर केल्या जाणाऱ्या नाचाशी, केली होती. तिच्या बोलण्यात तथ्य आहे. पण ही टेबलं तिथं आली कशी, हे पाहायला लागलं की गोष्ट वेगळ्याच ठिकाणी पोचते. त्या गोष्टीत पैसा आहेच, किंबहुना सुरुवात त्याच्या टंचाईपासूनच आहे. माझ्या मते ती सगळ्यात नीट समजते ती जेम्स डूहन या नटाकडे पाहिल्यावर. 'स्टार ट्रेक'मधल्या एंटरप्राइझ यानाचा मुख्य इंजिनियर स्कॉटी, तो हा.

आधी मेळाव्यांबद्दल थोडं. १९२६ साली ह्यूगो गर्न्सबॅकनं न्यूयॉर्कमध्ये केवळ विज्ञानकथांना वाहिलेलं 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक सुरू केलं. वाचकांची पत्रं छापताना त्यात लिहिणाऱ्याचा पूर्ण पत्ताही छापत. एवढ्याशा गोष्टीनं मोठं काम केलं. आपल्यासारखं वेड असलेला आणखी कोणीतरी चार गल्ल्या पलीकडे राहतो हे लोकांना कळलं. मग परस्पर पत्रं, हस्तलिखितं, छोटी मंडळं. पहिलं संमेलन १९३६ साली फिलाडेल्फियात झालं की जानेवारी १९३७मध्ये इंग्लंडच्या लीड्स शहरात, यावर जुने चाहते अजून वाद घालतात. दोन्हीकडे मिळून एक खोली भरेल एवढीच माणसं होती, तेव्हा तो वाद त्यांच्यावरच सोडू. जुलै १९३९मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक अधिवेशन भरलं ते साधारण दोनशे जणांचं. सन्माननीय पाहुणा होता फ्रँक पॉल, म्हणजे मासिकांची मुखपृष्ठं रंगवणारा चित्रकार. फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे चाहते भविष्यकाळातले म्हणून कल्पिलेले कपडे घालून आले होते. ते कपडे डग्लसनं शिवले होते. आजच्या कॉस्प्लेची, म्हणजे आवडत्या पात्रांसारखे वेश करण्याच्या हौसेची, पाळंमुळं शोधणारे तिच्यापर्यंत येऊन थांबतात.

या साऱ्यात नट कुठेच नव्हता. अधिवेशनातला मोठा माणूस म्हणजे लेखक, संपादक, फार तर चित्रकार. हे चित्र टीव्हीनं बदललं.

सप्टेंबर १९६६च्या पहिल्या आठवड्यात क्लीव्हलंडला जागतिक अधिवेशन भरलं होतं. 'स्टार ट्रेक'चा निर्माता जीन रॉडनबेरी तिथे आपल्या या नव्या मालिकेच्या चाचणी भागांची रिळं घेऊन पोचला. ८ सप्टेंबरला एनबीसी वाहिनीवर मालिका सुरू व्हायची होती. तिला सगळ्यात जास्त कोण नावं ठेवील हे त्याला माहीत होतं, म्हणून तो आधी त्यांच्याकडेच गेला. त्याचा हा डाव साधला, हेच चाहते पुढे मालिकेच्या बाजूनं उभे राहिले. दुसऱ्या वर्षी मालिका बंद पडणार अशी कुणकुण लागली तेव्हा ब्यो ट्रिम्बल ही चाहती आणि तिचा नवरा जॉन यांनी पत्रमोहीम उघडली, कॅलटेक या तंत्रज्ञान संस्थेचे विद्यार्थी बरबँकच्या एनबीसी कार्यालयावर मोर्चा घेऊन गेले आणि १ मार्च १९६८ला वाहिनीला पडद्यावरूनच जाहीर करावं लागलं, की मालिका चालू राहील. तिसऱ्या वर्षी तिला शुक्रवारी रात्री दहाची वेळ मिळाली. तरुण प्रेक्षक त्या वेळी घरात कुठून असणार? जून १९६९मध्ये ७९ भागांवर कारभार आटोपला.

इथून पुढचं नीट पाहण्यासारखं आहे. मालिका बंद झाल्यावर तिचे जुने भाग स्थानिक वाहिन्यांनी विकत घेतले आणि संध्याकाळच्या वेळी रोज दाखवायला सुरुवात केली. आठवड्यातून एकदा रात्री उशिरा दिसणारी गोष्ट आता शाळा-कॉलेजातून परतल्यावर रोज दिसू लागली. चाहत्यांची खरी फौज तयार झाली ती या पुनःप्रक्षेपणांतून. मूळ प्रक्षेपणाच्या काळात मालिकेला एवढं प्रेम कधी मिळालंच नव्हतं. पण त्या वेळच्या करारांनुसार ठरावीक पुनःप्रक्षेपणं झाली की नटाला मिळणारे पैसे थांबत. नटांच्या संघटनेनं १९७४ साली हा नियम बदलून घेतला. जुने करार मात्र जुनेच राहिले. परिणाम असा, की देशभरच्या दिवाणखान्यांत रोज संध्याकाळी ज्याचा चेहरा दिसतो, त्याला त्यातला एक डॉलरही मिळत नाही. वर चेहरा एवढा ओळखीचा झालेला, की दुसरं काम मिळणं कठीण.

डूहनची नेमकी हीच अवस्था झाली. तो जन्मानं कॅनडातला, व्हँकूव्हरचा, साल १९२०. स्कॉटलंडशी त्याचा संबंध फक्त जिभेपुरता. रेडिओवर वर्षानुवर्षं आवाज बदलून काम केलेला हा माणूस. भूमिकेच्या चाचणीत त्यानं एकामागून एक वेगवेगळे हेल काढून दाखवले आणि इंजिनियर असेल तर तो स्कॉटिशच हवा, असं स्वतःच सुचवलं. माँटगोमेरी स्कॉट या नावातलं 'माँटगोमेरी'सुद्धा त्याचं स्वतःचं मधलं नाव. त्याआधी तो सैन्यात होता. ६ जून १९४४ला कॅनडाच्या तोफखान्यातला लेफ्टनंट म्हणून तो नॉर्मंडीच्या जूनो किनाऱ्यावर उतरला आणि त्याच रात्री आपल्याच बाजूच्या एका बावरलेल्या पहारेकऱ्याच्या गोळ्यांनी जखमी झाला. छातीवर आलेली गोळी खिशातल्या चांदीच्या सिगारेट केसनं अडवली. उजव्या हाताचं मधलं बोट मात्र गेलं. पडद्यावर तो हात त्यानं शिताफीनं लपवला. कन्व्हेन्शनमध्ये लपवायला जागा नव्हती, आणि मग चाहत्यांनाही ते बोट स्कॉटीचंच वाटायला लागलं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कामासाठी गेला की उत्तर ठरलेलं: आमच्याकडे स्कॉटिश माणसाची भूमिका नाही. तो स्कॉटिश नाहीच, हे ऐकून घ्यायला कोणाला वेळ होता? वैतागून त्यानं हे आपल्या दाताच्या डॉक्टरला सांगितलं. डॉक्टर म्हणाला, तू मेल्यानंतरही लोक तुला स्कॉटीच म्हणणार आहेत, तेव्हा झगडू नकोस, वाहत जा. हा किस्सा डूहन पुढे अनेकदा सांगायचा.

वाहत जायला जागा तोवर तयार झाली होती. जानेवारी १९७२मध्ये न्यूयॉर्कच्या स्टॅटलर हिल्टन हॉटेलात काही चाहत्यांनी केवळ 'स्टार ट्रेक'साठी तीन दिवसांचा मेळावा भरवला. त्यात पुढाकार बायकांचा होता, आणि हे मुद्दाम सांगायला हवं, कारण 'चाहता' म्हटलं की चष्मेवाला मुलगाच डोळ्यांपुढे आणायची सवय लोकांना आहे. १९६७ साली निघालेलं या मालिकेचं पहिलं चाहतापत्र 'स्पॉकानेलिया' हेही दोघी मैत्रिणींनीच काढलं होतं. न्यूयॉर्कला काही शे माणसं येतील असा अंदाज होता. आली तीन हजारांहून जास्त. नासानं प्रदर्शनासाठी सामान पाठवलं, रॉडनबेरी आला, विज्ञानकथालेखक आयझॅक असिमोव्ह आला. पुढच्या वर्षीच्या मेळाव्यात नट आले, त्यांत डूहन आणि जॉर्ज टाकेई होते.

सुरुवातीचे हे मेळावे हौशी समित्यांचे होते. वर्गणी, एका खोलीत विक्रेते, दुसरीत चाहत्यांनी काढलेली चित्रं, रात्री वेशभूषा स्पर्धा आणि जुन्या भागांचे खेळ. हॉटेल मात्र रोख मागे. हळूहळू यात व्यावसायिक उतरले. १९७१ साली न्यूयॉर्कमधल्या दोन किशोरवयीन मुलांनी कॉमिक्सचे मेळावे भरवायला सुरुवात केली होती. त्यांची 'क्रिएशन' ही संस्था पुढे शहरोशहरी शनिवार-रविवारचे 'ट्रेक' मेळावे भरवू लागली. नटाला विमानभाडं, हॉटेल आणि तासाभराच्या भाषणाचं मानधन. डूहनला ही एक नियमित मिळकतच झाली. त्यानं हे कधी लपवलं नाही. लपवण्यासारखं त्यात काही होतं असं मलाही वाटत नाही.

सगळ्यांना मात्र हे इतकं सहज जमलं नाही. मालिकेत स्पॉक झालेल्या लेनर्ड निमॉयनं १९७५ साली 'मी स्पॉक नाही' अशा अर्थाच्या शीर्षकाचं आत्मचरित्र काढलं. आत त्यानं त्या पात्राबद्दल जिव्हाळ्यानंच लिहिलं होतं, पण शीर्षकानंच घात केला, चाहते दुखावले. वीस वर्षांनी दुसरं पुस्तक आलं तेव्हा शीर्षकातला नकार गळून पडला होता. मालिकेतला कप्तान कर्क, म्हणजे विल्यम शॅटनर, यानं डिसेंबर १९८६मध्ये एका विनोदी कार्यक्रमात खोट्या कन्व्हेन्शनमधला स्वतः रंगवला आणि समोरच्या चाहत्यांना खडसावलं, की अरे, जरा काहीतरी आयुष्य जगा. सगळा देश हसला. चाहत्यांपैकी काही हसले, काहींना ते लागलं. शॅटनरनं पुढे तेच वाक्य शीर्षकाला घेऊन या मेळाव्यांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा सूर बराच मऊ झाला होता. (डूहनचं शॅटनरशी कधी जमलं नाही, तेही त्यानं लपवलं नाही.)

मालिकेतली कृष्णवर्णीय नटी निशेल निकोल्स हिची तऱ्हा आणखी वेगळी. १९७५ साली शिकागोच्या मेळाव्यात तिनं नासाचे शास्त्रज्ञ येस्को फॉन पुटकामर यांचं व्याख्यान ऐकलं. अंतराळवीरांत आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसांचा पत्ताच नाही हे तिला तिथे खटकलं. दोन वर्षांनी नासानं अंतराळवीर भरतीच्या प्रचाराचं काम तिलाच दिलं आणि ती देशभर हिंडली. १९७८च्या ३५ जणांच्या तुकडीत पहिल्यांदा सहा स्त्रिया आणि तीन कृष्णवर्णीय पुरुष होते. त्याआधी, सप्टेंबर १९७६मध्ये, चाहत्यांच्या पत्रांच्या ढिगामुळे पहिल्या स्पेस शटलचं नाव बदलून 'एंटरप्राइझ' ठेवलं गेलं होतं आणि मालिकेतली बहुतेक मंडळी कॅलिफोर्नियातल्या पामडेलला ते बाहेर काढताना पाहायला उभी होती.

डूहनच्या खात्यावर असं दणदणीत काही नाही. त्याच्याकडे येणारी माणसं एकेकटी यायची. रांगेत कोणीतरी हात पुढे करून म्हणायचं, तुझ्यामुळे मी इंजिनियर झालो. पहिल्यांदा त्याला गंमत वाटली असेल. मग हे वाक्य प्रत्येक शहरात ऐकू यायला लागलं. मिलवॉकीच्या इंजिनियरिंग महाविद्यालयानं तर त्याला मानद डॉक्टरेट दिली, कारण तिथल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी या शाखेकडे वळण्याचं कारण म्हणून स्कॉटीचं नाव सांगितलं होतं. ज्यानं आयुष्यात एकही यंत्र उघडून दुरुस्त केलेलं कोणी पडद्याबाहेर पाहिलं नाही, त्याच्यामुळे किती यंत्रं नीट चालली असतील कोण जाणे.

आणि एक पत्र. त्याची हकीकत डूहननं १९९७च्या एका माहितीपटात कॅमेऱ्यासमोर सांगितली आहे. एका तरुण चाहतीचं पत्र आलं; वाचल्यावर त्याला ते जीव द्यायला निघालेल्या माणसाचं वाटलं. त्यानं तिला फोन केला. म्हणाला, मी इंडियानापोलिसला मेळाव्याला येतोय, तू तिथे मला भेटलीच पाहिजेस. ती आली. तिची अवस्था पाहून तो हादरला, पण त्यानं तसं दाखवलं नाही. पुढचा मेळावा सेंट लुईसला आहे, तिथेही ये, एवढंच म्हणाला. मग त्याच्या पुढचा. असं दोन-तीन वर्षं चाललं. प्रत्येक वेळी तो तिच्याशी धीर देणाऱ्या दोन गोष्टी बोलायचा. उपदेश नाही, उपचार नाही, फक्त पुढची तारीख. नंतर ती यायची थांबली आणि आठ वर्षं काही कळलं नाही. मग एक दिवस पत्र आलं: तिनं इलेक्ट्रॉनिक इंजिनियरिंगमध्ये पदव्युत्तर पदवी घेतली होती. सांगताना डूहनचा आवाज कापतो. आपण आयुष्यात केलेली सगळ्यात चांगली गोष्ट हीच, असं तो म्हणतो.

मेळाव्यांचं फिरतं वेळापत्रक इथं कामी आलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नट चाहत्याचा मित्र नसतो, नातेवाईक तर नाहीच. पण तो अमुक तारखेला तमुक शहरात असणार हे छापील पत्रकात लिहिलेलं असतं, आणि तो येतो.

२००४च्या उन्हाळ्यात डूहनला पार्किन्सन आणि अल्झायमर असल्याचं त्याच्या कुटुंबानं जाहीर केलं. ऑगस्टअखेर हॉलिवूडमध्ये त्याचा निरोपाचा मेळावा झाला आणि तिथल्या नामवंत कलावंतांच्या नावांच्या पदपथावर त्याच्या नावाची चांदणी बसली. तो चाकाच्या खुर्चीत होता. निरोपाला नील आर्मस्ट्राँग आला. गर्दीपासून आयुष्यभर दूर राहिलेला हा माणूस मंचावर उभा राहिला आणि एका जुन्या इंजिनियरनं दुसऱ्याचे मानावेत तसे त्यानं स्कॉटीचे आभार मानले. पुढच्या वर्षी २० जुलैला, म्हणजे आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला त्याच तारखेला, डूहन गेला.

त्याच्या अस्थी अंतराळात जाव्यात अशी इच्छा होती. २००७ साली न्यू मेक्सिकोतून सुटलेल्या छोट्या रॉकेटमधून त्यांतला थोडा अंश काही मिनिटांसाठी वर गेला आणि खाली आला. डोंगराळ भागात पडलेली ती राखेची कुपी शोधायलाच काही आठवडे लागले. २००८च्या ऑगस्टमध्ये दुसरा अंश घेऊन निघालेलं फाल्कन-१ रॉकेट कक्षेत पोचलंच नाही. २०१२मध्ये फाल्कन-९नं काही अंश कक्षेत नेला. तोवर जगाला माहीत नसलेलं काहीतरी होऊन गेलं होतं. ऑक्टोबर २००८मध्ये व्हिडिओ गेम बनवणारा रिचर्ड गॅरियट स्वतःचे पैसे भरून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेला, तेव्हा डूहनच्या मुलानं थोडी राख त्याच्याकडे सोपवली. गॅरियटनं ती डूहनच्या छायाचित्राच्या, खेळण्यातल्या पत्त्याएवढ्या कार्डात लॅमिनेट करून घेतली, परवानगी कोणाचीच काढली नाही, आणि स्थानकातल्या कोलंबस कक्षाच्या जमिनीच्या आवरणाखाली ते कार्ड सरकवून दिलं. ही गोष्ट दोघांनी बारा वर्षं कोणाला सांगितली नाही.