7.2 टक्के बेकारी आणि अमेरिकी अध्यक्षाची खुर्ची

बेकारी 7.2 टक्क्यांच्या वर गेली की अमेरिकेचा अध्यक्ष दुसऱ्यांदा निवडून येत नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही.

हा आकडा रेगन यांच्या 1984 च्या विजयातून आला. त्या नोव्हेंबरात बेकारी 7.2 होती. पण 1982 च्या अखेरीस ती 10.8 वर होती. मतदारांनी बघितला तो हा उतार. ओबामांचंही तेच. ऑक्टोबर 2009 मध्ये 10 टक्के, आणि मतदानाच्या चार दिवस आधी आलेल्या अहवालात 7.9. तरी राज्यांनिहाय मिळणाऱ्या निर्वाचक मतांत (इलेक्टोरल व्होट्स) ते 332 विरुद्ध 206 असे जिंकले. रूझवेल्ट यांनी तर 1936 मध्ये याहून कितीतरी मोठ्या बेकारीत 48 पैकी 46 राज्यं घेतली.

मुळात दुसऱ्या महायुद्धानंतर 2012 पूर्वी बेकारी या रेषेच्या वर असताना हरलेले विद्यमान अध्यक्ष तिघंच: फोर्ड, कार्टर, थोरले बुश. तीन उदाहरणांवर नियम बांधणं चूकच. कार्टर यांना तर महागाई आणि इराणमधलं ओलीस प्रकरणही भोवलं.

उलट बाजूही बघा: ऑक्टोबर 2020 मध्ये बेकारी 6.9, तरी ट्रम्प हरले. म्हणून एकच आकडा न धरता आधीच्या वर्षभरात तो चढतोय की उतरतोय, हे बघा. सोबत महागाई आणि हातात पडणारं उत्पन्नही.