एका ‘रन’चे ६४५ अर्थ

एका यंत्राच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करत होते. त्यात सात शब्दांचं वाक्य आलं : ‘रन द वॉटर अंटिल इट रन्स क्लिअर’. वाक्यात ‘रन’ दोनदा आहे आणि दोन्ही वेळा त्यात कुणी धावत नाही. पहिल्या ‘रन’मध्ये नळ सोडणारा माणूस आहे. दुसऱ्यात माणूस नाहीच, नुसतं पाणी आहे. मी लिहिलं, ‘पाणी स्वच्छ येऊ लागेपर्यंत नळ चालू ठेवा.’ इंग्रजीतलं एक क्रियापद मराठीत दोन वेगळ्या वाटांनी गेलं, आणि धावणं तर कुठेच उरलं नाही.

मग वहीच्या मागच्या पानावर मी यादीच करायला घेतली. बस धावते, नाक वाहतं, इंजिन चालतं, कंपनी चालवतात, निवडणुकीला उभे राहतात, वर्तमानपत्रात बातमी येते, धुताना कपड्याचा रंग जातो, रस्ता नदीच्या कडेने जातो, करार दोन वर्षं लागू राहतो. मागे ‘आउट’, ‘इन्टू’ असे शब्द जोडले, की शाई संपते आणि वाटेत अचानक ओळखीचं माणूस भेटतं. मराठीला इथे दर वेळी नवं क्रियापद शोधावं लागतं, इंग्रजी मात्र ‘रन’वरच भागवते.

इंग्रजीत सर्वाधिक अर्थांचा मान आधी ‘सेट’ या शब्दाकडे होता. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’चे ४३० अर्थ होते, आणि ते सांगायला सुमारे ६०,००० शब्द खर्ची पडले होते. पुढे कोशाचं नव्याने संपादन सुरू झालं. त्यात पीटर गिलिव्हर या कोशकाराने ‘रन’ हातात घेतला आणि त्याला तब्बल नऊ महिने लागले. २०११मध्ये ही नोंद पूर्ण झाली तेव्हा ‘रन’चे एकट्या क्रियापदाचेच अर्थ ६४५ भरले. मला हा आकडा ऐकल्यावर आश्चर्यापेक्षा त्या नऊ महिन्यांबद्दल आदर जास्त वाटला. शेकडो वर्षांच्या लिखाणातली वाक्यं समोर मांडायची, आणि हे वाक्य त्या ढिगातलं की वेगळं, हे एकेक करून ठरवायचं. हे काम घाईत होणारं नाही.

पण अर्थ मोजणं म्हणजे फळं मोजणं नव्हे. प्रिन्स्टन विद्यापीठात तयार झालेल्या ‘वर्डनेट’ या संगणकीय शब्दसंग्रहात याच क्रियापदाचे अर्थ ४१ आहेत. ६४५ कुठे आणि ४१ कुठे! चूक दोघांचीही नाही. घोडा धावणं आणि माणूस धावणं हे दोन अर्थ मानायचे की एक? नळाचं पाणी वाहणं आणि नाक वाहणं? अर्थांमध्ये कुंपण नसतं. एक अर्थ कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो, हे शेवटी कोशकाराच्या निवाड्यावर अवलंबून राहतं.

‘रन’च्या बाबतीत सगळ्यांना वाटतं, की मूळ अर्थ पायांनी धावणं आणि बाकीचे नंतरचे अलंकार. तसं नाही. या शब्दाच्या जुन्या इंग्रजी रूपातच धावणं आणि वाहणं हे दोन्ही अर्थ होते. जर्मन भाषेत त्याच मुळापासून आलेला ‘रिनेन’ आजही वाहणं, ठिबकणं याच अर्थाने वापरतात. म्हणजे वाहणारं नाक ‘रन’च्या घरात पाहुणं म्हणून आलेलं नाही, ते घरचंच आहे. नंतर यंत्रं आली. घड्याळ, गिरणी, आगगाडी, मोटार आणि शेवटी संगणकाचा प्रोग्रॅम, सगळ्यांच्या चालण्याला इंग्रजीने हाच शब्द लावला. ‘सेट’ला मागे टाकण्यात यंत्रयुगाचा हात मोठा आहे, असं मला वाटतं.

‘सेट’ची गोष्ट थोडी निराळी आहे. ठेवणे, बसवणे या अर्थाचं क्रियापद जुन्या इंग्रजीतलं. पण वस्तूंचा सेट म्हणताना जो शब्द येतो, तो बराचसा जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला. दोन नद्या एकत्र याव्यात तसे हे शब्द एका रूपात मिसळले. भाषाशास्त्रज्ञ इथे एक भेद करतात. झाडाचं पान आणि पुस्तकाचं पान यांत नातं दिसतं, ही अनेकार्थता. पण ‘वर पाहा’मधला वर आणि ‘वधू-वर’मधला वर यांचा एकमेकांशी संबंध नाही, केवळ उच्चार जुळला. या दुसऱ्या प्रकारात आहेत ते दोन स्वतंत्र शब्द.

हा भेद फक्त कागदावरचा नाही, तो मेंदूलाही जाणवतो. जेनी रॉड आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये केलेल्या प्रयोगांत लोकांना एकेक अक्षरसमूह दाखवून ‘हा खरा शब्द आहे का’ असं विचारलं. ज्या शब्दांना एकमेकांशी नातं असलेले पुष्कळ अर्थ होते, ते लोकांनी लवकर ओळखले. ‘बार्क’सारखे शब्द, ज्यात कुत्र्याचं भुंकणं आणि झाडाची साल असे असंबद्ध अर्थ एकत्र आलेत, ते ओळखायला उलट जास्त वेळ लागला. नात्यातले अर्थ एकमेकांना आधार देतात, परके अर्थ एकमेकांच्या वाटेत येतात.

आणि वाक्य ऐकताना नेमका अर्थ आपल्याला कसा सापडतो? यावर डेव्हिड स्विनी यांचा १९७९चा प्रयोग मला फार आवडतो. ऐकणाऱ्याच्या कानात एक गोष्ट चालू असते. एका खोलीच्या कोपऱ्यात कोळी, झुरळं आणि इतर ‘बग्ज’ सापडले, असं त्यात येतं. इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा आणि चोरून ऐकण्यासाठी लपवलेलं यंत्रही. ‘बग्ज’ कानावर पडताक्षणी समोर एखादा शब्द झळकतो आणि तो खरा शब्द आहे की नाही, हे बटण दाबून सांगायचं असतं. संदर्भ उघडच किड्यांचा होता, त्यामुळे ‘मुंगी’ हा शब्द चटकन ओळखला गेला, हे अपेक्षितच होतं. पण ‘हेर’ हा शब्दही तितक्याच चटकन ओळखला गेला! मात्र तीनच अक्षरं पुढे गेल्यावर शब्द दाखवला, तर मुंगीचा फायदा टिकून होता आणि हेराचा संपला होता. मन आधी दोन्ही दारं उघडतं आणि क्षणात एक बंद करतं. आपल्याला त्या दुसऱ्या दाराचा पत्ताही लागत नाही.

इतका खटाटोप करण्यापेक्षा प्रत्येक अर्थाला वेगळा शब्द का नाही? १९४५मध्ये भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज झिफ यांनी दाखवलं, की शब्द जितका जास्त वापरला जातो तितके त्याचे अर्थ वाढतात, आणि ते साधारण वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. एखादा शब्द दुसऱ्याच्या शंभरपट वापरात असेल, तर त्याचे अर्थ दहापटीच्या आसपास. २०१२मध्ये पियांटाडोसी, टिली आणि गिब्सन यांनी इंग्रजी, डच आणि जर्मन शब्द तपासले. तिथेही आखूड, वारंवार येणाऱ्या आणि उच्चारायला सोप्या शब्दांवरच जास्त अर्थांचा भार दिसला. त्यांचं म्हणणं मला पटतं : संदर्भावरून अर्थ ओळखणं ऐकणाऱ्याला स्वस्त पडतं, लांबलचक शब्द उच्चारणं बोलणाऱ्याला महाग. आपल्या ‘लागणे’कडेच पाहा. भूक लागते, आग लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, ठेच लागते. बोलताना आपण कधी अडत नाही.

भाषांतर करणारी यंत्रं मात्र अडत होती. गणितज्ञ वॉरन वीव्हर यांनी १९४९मध्येच सुचवलं होतं, की शब्दाच्या दोन्ही बाजूंचे थोडे शब्द दिसले तर यंत्राला अर्थ ओळखता येईल. १९९२मध्ये गेल, चर्च आणि यारोव्स्की यांना आणखी एक उपयोगी गोष्ट आढळली : एका लेखात एखादा शब्द पुन्हा पुन्हा आला, तर तो बहुतेक वेळा एकाच अर्थाने येतो. हा नियम ‘बार्क’सारख्या दूरच्या अर्थांना छान लागू पडतो. ‘रन’चे अर्थ मात्र इतके शेजारी-शेजारी राहतात, की माझ्या माहितीपत्रकात तो नियम सात शब्दांतच मोडला. पहिल्या ‘रन’ला नळ सोडणारा कर्ता लागतो, दुसऱ्याचा कर्ता स्वतः पाणीच. वाचणाऱ्याचा हात तोवर नळाकडे गेलेलाही असतो.