ध्वनि-चित्र समकालन

ध्वनि-चित्र समकालन : चित्रपट, दूरचित्रवाणी कार्यक्रम किंवा संगणकावर संपादित होणारी चित्रफीत यांतील दृश्य आणि त्याचा आवाज यांचा कालमेळ राखण्याची क्रिया. संकलनकक्षात तिला ‘सिंक’ म्हणतात. ओठ आणि शब्द जुळेनासे झाले की ‘सिंक गेलं’.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीनुसार (१९९८) आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे पडला की प्रेक्षकाला फरक जाणवू लागतो. पुढे आलेला आवाज अधिक खटकतो, याचे कारण बहुधा रोजच्या अनुभवात आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे ३४ मीटरांवर धुणे आपटणाऱ्याचा आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो. दृश्याआधी आवाज मात्र निसर्गात येत नाही. दूरचित्रवाणीची मानके ठरवणाऱ्या अमेरिकेच्या एटीएससी या संस्थेने २००३ मध्ये १५ मिलिसेकंद पुढे व ४५ मागे अशी कडक मर्यादा सुचवली. संकलकाने हीच पाळणे इष्ट, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्यावर आणखी विलंबाची भर पडू शकते. सेकंदाला २५ फ्रेमच्या (स्थिर चित्रांच्या) चित्रणात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. म्हणजे आवाज एक फ्रेम पुढे गेला तरी ही मर्यादा ओलांडली जाते.

इतिहास : फ्रान्समधील गोमाँ कंपनीचे क्रोनोफोन (१९०२) आणि अमेरिकेतील व्हायटाफोन (१९२६) या पद्धतींत आवाज वेगळ्या तबकडीवर असे, सुई घसरली की मेळ सुटे. ध्वनिपट्टी फिल्मवरच आल्यावर ही अडचण सरली. ३५ मिमी. फिल्मवर आवाज संबंधित चित्राच्या २१ फ्रेम पुढे छापला जाई, कारण चित्र प्रक्षेपकाच्या झरोक्यासमोर थांबत थांबत सरकते, तर ध्वनीला संथ, अखंड गती लागते. भारतात ‘आलम आरा’ (१४ मार्च १९३१) व मराठीत ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) यांपासून बोलपट सुरू झाला.

चित्रणाच्या आरंभी टाळी वाजवून दृश्य व आवाज जुळवण्याची खूण देणाऱ्या क्लॅपच्या पाटीचे जनकत्व वादग्रस्त आहे. मेलबर्नच्या एफ्टी स्टुडिओचे एफ. डब्ल्यू. थ्रिंग यांनी १९३० च्या सुमारास बिजागरीच्या दोन पट्ट्या वापरात आणल्या असे सांगितले जाते. हॉलिवूडमध्ये पट्ट्या व पाटी एकत्र करण्याचे श्रेय ध्वनितंत्रज्ञ लिओन एम. लिओन यांना देतात. पहिला दावा टाळी वाजवणाऱ्या पट्ट्यांचा व दुसरा संयुक्त उपकरणाचा असल्याने दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात, आणि तेच अधिक संभवनीय दिसते.

दोष : संपादन-प्रणालीत दोष दोन जातींचे असतात. पहिला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच राहणारा फरक. दुसरा, वाढत जाणारा फरक, म्हणजे ‘ड्रिफ्ट’. पहिल्यात ध्वनिपट्टी सरकवली की काम होते. दुसऱ्यात तिचे तुकडे करून जागोजाग सरकवण्याचा प्रघात आहे. तो टाळावा, कारण प्रत्येक तुकड्यात फरक पुन्हा वाढू लागतो. तेथे चुकलेले घड्याळच, म्हणजे चित्राचा किंवा आवाजाचा वेग कुठे चुकला तेच, शोधावे लागते.

सर्वांत फसवे घड्याळ म्हणजे सेकंदाला २९.९७ फ्रेमचा वेग. १९५३ मध्ये अमेरिकेत रंगीत प्रक्षेपणाचे मानक ठरले तेव्हा रंगाची माहिती नेणारी उपवाहक लहर आणि ४.५ मेगाहर्ट्‌झवरील ध्वनिवाहक (आवाज नेणारी लहर) यांच्या परस्परक्रियेने पडद्यावर जाळी दिसण्याचा धोका होता. म्हणून पडद्यावर रेषा काढण्याची वारंवारता ४.५ मेगाहर्ट्‌झचा २८६ वा भाग, म्हणजे सुमारे १५,७३४.२७ हर्ट्‌झ धरली आणि सेकंदाला ३० फ्रेमच्या जागी ३०,०००/१,००१ फ्रेम झाल्या. ध्वनिवाहकच ०.१ टक्क्याने सरकवायला हवा होता, असे एक मत आहे. परंतु घरोघरचे संच ४.५ वर जुळवलेले होते, हे पाहता मानक ठरवणाऱ्या समितीचा निर्णय समर्थनीय वाटतो. त्याची किंमत मात्र आजही मोजावी लागते : २९.९७ चे चित्र ३० समजून चालवले की वेगळ्या मुद्रित आवाजाशी तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो, आणि दोन-सव्वादोन मिनिटांतच १२५ मिलिसेकंदांची मर्यादा ओलांडली जाते. भारतीय दूरचित्रवाणी २५ फ्रेमच्या पाल या प्रक्षेपण-पद्धतीवर वाढली असल्याने येथे हा प्रश्न उशिरा, प्रामुख्याने मोबाइल चित्रणासोबत आला.

मोबाइल अनेकदा बदलत्या फ्रेमवेगाने चित्रण करतो. अशी फाइल हँडब्रेक किंवा एफएफएमपेग या रूपांतरण-प्रणालींतून आधी स्थिर फ्रेमवेगात रूपांतरित करून मगच टाइमलाइनवर (संपादन-प्रणालीतील मांडणीपट्टीवर) घ्यावी. ४८ किलोहर्ट्‌झचा (सेकंदाला ४८ हजार ध्वनिनमुन्यांचा) आवाज ४४.१ समजून वाचला गेला, तर तासाचे मुद्रण ६५ मिनिटे १८ सेकंदांचे होते आणि सूरही सुमारे दीड अर्धस्वर उतरतो : काळी दोनमधले पद पांढरी दोन आणि काळी एक यांच्यामध्ये लोंबकळते. तयार कान हा दोष आलेख न पाहता ओळखतो.

सूक्ष्म ड्रिफ्ट उपकरणांतील घड्याळांना चाल देणाऱ्या स्फटिकांमुळे येतो. कॅमेरा व रेकॉर्डर यांच्या घड्याळांत दशलक्षांत २० भागांचा फरक असला, तर तासाला ७२ मिलिसेकंद साचतात. तीन तासांच्या नाटकात २१६. अशा वेळी आरंभी व अखेरीस एकेक खूण लागते. नाट्यगृहातील तिसरी घंटा ही आरंभीची उत्तम खूण आहे. अखेरीस मुद्दाम टाळी वाजवून घ्यावी. दोन खुणांमधील चित्राची लांबी भागिले आवाजाची लांबी, या गुणोत्तराने ध्वनिपट्टी सूर न बदलता ताणावी किंवा आवळावी.

दा विंची रिझॉल्व्ह, प्रीमिअर प्रो, फायनल कट प्रो व केडेनलाइव्ह या संपादन-प्रणालींत ध्वनिलहरींची तुलना करून पट्ट्या आपोआप जुळवण्याची सोय आहे. तिला कॅमेऱ्याचा कच्चा आवाज संदर्भासाठी लागतो, म्हणून तो खराब असला तरी पुसू नये. ब्लूटूथ इअरफोनवर सिंक तपासू नये. त्याचा स्वतःचा विलंब शंभर मिलिसेकंदांहून अधिक असू शकतो आणि निर्दोष फाइलही बिघडलेली भासते.