पान किती तास ओलं होतं?

ऑक्टोबर छाटणी झाली की नारायणगाव-जुन्नर भागातल्या द्राक्षबागायतदाराची झोप उडवतो तो केवडा रोग, म्हणजेच डाऊनी. सकाळी वेलीवर दव दिसलं, आभाळ भरून आलं, की ट्रॅक्टर फवारणीला निघतो. पण नुसतं दव पडलं म्हणून केवडा येतोच असं नाही. या रोगाचे चलबीजाणू, म्हणजे पाण्यात हालचाल करणारे सूक्ष्म बीजाणू, पानावरच्या पाण्यातून अक्षरशः पोहत पर्णरंध्रापर्यंत, म्हणजे पानाच्या बारीक छिद्रापर्यंत जातात आणि तिथून आत शिरतात. त्याआधी पान सुकलं तर ते मरतात. पान किती तास ओलं राहिलं आणि तेव्हा तापमान किती होतं, यावर सगळं ठरतं.

हे मोजणारी पानासारखी पट्टी मिळते. पाणी साचलं की तिचे विद्युत गुणधर्म बदलतात आणि सौरऊर्जेवर चालणारं हवामान केंद्र ती नोंद सिमकार्डावरून मोबाइलवर पाठवतं. एकट्याला हा खर्च जड जातो, म्हणून शेजारच्या बागायतदारांनी मिळून केंद्र घ्यावं. पण पैसे वाचतात त्याहून मोठा लाभ मला वेगळाच वाटतो. यंत्राला ओल कळते, रोग दिसत नाही. केवड्याचे तेलकट डाग माणसालाच दिसतात, तेही साधारण आठवडाभराने. प्रत्येकाने आपल्या प्लॉटमध्ये डाग कधी दिसले, पानाखाली पांढरी बुरशी आली का, फवारणी कधी घेतली, हे त्या आकड्यांशेजारी लिहिलं, तर दोन-तीन हंगामांत त्या शिवाराचं स्वतःचं शास्त्र उभं राहतं. मग नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या किंवा मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या तज्ज्ञांसमोर अंदाज नाही, नोंदी ठेवता येतात.

शिवारागणिक हवा बदलते, हे पुण्याला जुनंच ठाऊक आहे. हवामान खात्याचा कृषी-हवामान विभाग इथे 1932 साली सुरू झाला, एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली. निरभ्र, शांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला टेकून नसते, काही सेंटिमीटर वर असते, हे त्यांनी मोजून दाखवलं. इतक्याशा उंचीत एवढा फरक, तर ओढ्याकाठची बाग आणि माळावरची बाग सारखी कशी असेल?

म्हणून ही पट्टी बांधावर नको, मांडवातल्या पानांमध्येच हवी, आणि दव सर्वांत उशिरा सुकतं त्या खोलगट प्लॉटमध्ये. मालकी कुणाचीही असो, पट्टी पुसायची पाळी मात्र आधीच ठरवून घ्यावी. फवारणीचा थर चढला की तिचे आकडे चुकतात.